चक्राच्या चित्रात आमचे गाव नाही

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीसाठी : मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे, मा. संचालक, बालभारती, पुणे

विषय : प्राथमिक शाळेत निसर्गातली चक्रे शिकवण्याबाबत दिलेल्या आश्वासनांची विचारणा

महोदय,

मी नांदगाव पेठचा रहिवासी आहे. थोडी कोरडवाहू शेती आहे आणि एक नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. मी शिक्षक नाही, तज्ज्ञ नाही, कुठल्या संघटनेचा पदाधिकारीही नाही. नातवाची पुस्तके हाताळतो, त्याचा गृहपाठ बघतो आणि वेळेवर मत देतो. एवढ्या अधिकारावर आपल्याला काही विचारतो आहे. विचारतो आहे ते आपल्याला ठाऊक नाही असे मुळीच नाही. ठाऊक असूनही होत नाही, म्हणूनच हे पत्र उघडपणे लिहावे लागले.

पाण्याच्या चक्राचे चित्र आपण सगळ्यांनीच लहानपणी काढले आहे. समुद्र, वर सूर्य, वाफेचे बाण, ढग, डोंगर, पाऊस, नदी आणि पुन्हा समुद्र. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य हे तीन शब्द पाठ झाले की रिकाम्या जागा भरता येतात. हे चित्र खोटे नाही. पण त्यात धरण नसते, पंप नसतो, कालवा नसतो, बोअर नसते, कारखाना नसतो. माणूसच नसतो. पाणी आपोआप वर जाते, आपोआप खाली येते आणि कुणालाच काही विचारावे लागत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपण हे शिकवतो आणि ते शाळेतून घरी येते तेव्हा आई नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत असते. पुस्तकातले पाणी आणि घरातले पाणी एकच आहे हे त्या मुलाला कुणी सांगायचे, महोदय?

आमच्याकडचे पाणी कसे फिरते ते सांगतो. अमरावती शहर जे पाणी पिते ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याहून, अप्पर वर्धा धरणातून येते. कुणी उचलले नसते तर तेच पाणी वर्धा नदीने प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेले असते. पण ते शहरात येते, वापरले जाते आणि सांडपाणी होऊन अंबा नाल्याने पेढी नदीकडे जाते. पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी खंबातच्या आखाताला. म्हणजे पूर्वेच्या समुद्राकडे निघालेले पाणी अमरावतीच्या एका घोटानंतर पश्चिमेच्या समुद्राकडे वळते. दोन मोठ्या खोऱ्यांमधली सीमा आमच्या जिल्ह्याच्या मधून जाते आणि ती ओलांडायला डोंगर फोडावा लागला नाही, एक जलवाहिनी पुरली. भूगोल शिकवायला याहून चांगला धडा महाराष्ट्रात फार ठिकाणी मिळणार नाही. या जिल्ह्यातल्या किती मुलांना तो ठाऊक आहे? आणि किती शिक्षकांना?

ज्या पेढीच्या काठी वलगावजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, त्याच पेढीत शहराचे हे पाणी उतरते. पुढे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा लागतो. तिथे विहिरीचे पाणी आधीच खारट, माणसाला प्यायला आणि पिकाला द्यायला नकोसे. वरून आलेल्या घाणीचे तिथल्या लोकांनी काय करायचे? गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसालाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगताच. शाळेत त्यांची तसबीर आहे. प्रश्न विचारण्याची पद्धत तेवढी आली नाही.

आता आमच्या गावाकडे या. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत १,३५० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. त्याला पाणी अप्पर वर्ध्याचेच. हे पाणी सिंचनाचे होते की उद्योगाचे, यावरून २०१०-११च्या सुमारास अमरावतीत मोठे आंदोलन झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. तो वाद मला पुन्हा उकरायचा नाही. मला गणित दाखवायचे आहे. अप्पर वर्ध्याचा उपयुक्त साठा सुमारे ५६४ दशलक्ष घनमीटर. वीज प्रकल्पासाठी मंजूर झालेला आकडा वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर. म्हणजे ८,७६० कोटी लिटर. त्याला ३६५ने भागले की दिवसाला २४ कोटी लिटर येतात आणि बाकी उरत नाही. पाचवीच्या मुलासाठी इतका सुबक भागाकार शोधून सापडणार नाही.

आणखी एक घ्या. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी नियम केला, की कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या वीज केंद्रांनी एक युनिट विजेमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. आमचे केंद्र तासभर पूर्ण ताकदीने चालले तर साडेतेरा लाख युनिट वीज तयार होते. नियमाच्या कमाल मर्यादेने मोजले तर तासाला सव्वासत्तेचाळीस लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे टँकर धरले, तर सुमारे पावणेपाचशे टँकर. प्रत्यक्षात वापर कमीही असेल. असेल तर किती कमी, हेही मुलांना कळू द्या. टँकर म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या मुलाला चित्र काढून समजवावे लागत नाही.

त्या टॉवरमधून निघणारा पांढरा लोट गावातल्या कुठल्याही अंगणातून दिसतो. तीच वाफ, तेच बाष्पीभवन, जे पुस्तकात समुद्रावर दाखवतात. फरक इतकाच की समुद्रावरचे बाष्पीभवन कुणी मंजूर केलेले नसते. हे मंत्रालयात मंजूर झाले, त्याला कागद आहे, सही आहे, तारीख आहे. पाण्याच्या चक्रात सही कुठे बसते, हे शिकवणारा पाठ आपल्या कुठल्या इयत्तेत आहे?

आम्हाला वीज नको, असे मी म्हणत नाही. शेतातली मोटर विजेवरच चालते आणि गावातली काही पोरे त्याच वसाहतीत कामाला आहेत. कारखाना बंद करा हे शिकवायला मी सांगत नाही. कोळसा कुठून येतो, त्यातली तीस-चाळीस टक्के राख कुठे जाते, ती विटेत जाते की तळ्यात साचते, पाणी किती येते, किती वाफ होते, किती परत मिळते, एवढे मुलांनी मोजावे इतकेच म्हणणे आहे. मोजले की मुले आपापले मत बनवतील. काही जण कारखान्याच्या बाजूने बोलतील, काही विरुद्ध. वर्गात असा वाद झाला तर आपल्याला भीती कशाची वाटते? मला माहीत आहे, शिक्षकाला वाटते. 'सर, कशाला नसते लचांड' हे उत्तर आपल्या व्यवस्थेनेच त्यांच्या तोंडी घातले आहे.

पाण्याचे राहू द्या. चौथीच्या परिसर अभ्यासात प्राण्यांच्या जीवनक्रमाचा पाठ आहे. अंडी, अळी, कोष, फुलपाखरू. नातवाने तो पाठ केला आहे, धडाधड सांगतो. आमच्याकडे अळी म्हटले की पोरांना फुलपाखरू आठवत नाही, बोंडअळी आठवते. गुलाबी बोंडअळीच्याही याच चार पायऱ्या. साधारण महिना-सव्वा महिन्यात एक फेरा पूर्ण होतो. हंगाम संपला की शेवटच्या पिढीतली अळी सरकीत, वाळलेल्या बोंडात, पऱ्हाटीच्या ढिगात दडून झोपते आणि पुढच्या पेरणीची वाट बघते. ती कपाशीवरच जगते, फार तर भेंडी-अंबाडीच्या कुळातल्या झाडांवर. म्हणून काही महिने शेतात कपाशीच नसली तर तिचा फेरा तुटतो. आणि आपण काय करतो? दोन क्विंटल जास्त निघेल म्हणून फरदड ठेवतो, शेवटच्या वेचणीनंतरही झाडाला पाणी देतो. पऱ्हाटी उपटून जळण म्हणून घराशेजारी रचतो. जिनिंगमध्ये सरकीचे ढीग पडून राहतात, तिथून पतंग उडतात. कुणी मे महिन्यातच धूळपेरणी करतो आणि जागी झालेल्या अळीला पहिले जेवण वाढतो.

२०१७ साली हा फेरा आमच्यावर उलटला. २००२मध्ये बीटी कपाशी आली, २००६मध्ये दोन जनुकांची आली, सगळ्यांनी तीच लावली आणि अळी तिला सरावली. ती मरेना म्हणून फवारे वाढले. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मृतांमध्ये कुणाचे वडील होते, कुणाचे काका. त्यांच्या मुलांनी शाळेत अंडी-अळी-कोष पाठ केलेच होते. कृषी खात्याची पत्रके निघतात, 'फरदड घेऊ नका' म्हणून फलक लागतात, पतंगांना गंधाने ओढून पकडणारे कामगंध सापळे वाटले जातात, जूनआधी बियाणे विकू नये असे आदेश निघतात. हे सगळे मोठ्या माणसांना, ऐन हंगामात, घाईघाईने. तेच ज्ञान नऊ वर्षांच्या मुलाला निवांत, एका सापळ्यासह आणि एका तक्त्यासह, वर्षभर का देता येत नाही? शाळेच्या कुंपणाला एक कामगंध सापळा टांगायचा आणि रोज सकाळी मुलांनी पतंग मोजायचे. खर्च किती येईल, याचा हिशोब आपल्या खात्याने कधी तरी केला आहे का? मला वाटते, त्या तक्त्याने गावातल्या फरदडीवर जितका परिणाम होईल तितका दहा फलकांनी होणार नाही. मूल घरी येऊन बापाला विचारते, तेव्हा बापाला उत्तर द्यावे लागते.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याचेही असेच. बाग जगवायला बोअर पाडायचे, शेजाऱ्याने पाडले म्हणून आपण खोल पाडायचे, आपण खोल गेलो म्हणून शेजाऱ्याने आणखी खोल. पाणी खाली, कर्ज वर. प्रत्येक जण शहाणपणानेच वागतो आणि सगळे मिळून भूजल संपवतात. अशी फिरत-फिरत वाढत जाणारी गोष्ट ओळखायला शिकवणे, हेच मुळात चक्रांचे शिक्षण. एका टोकाला केलेले काम दुसऱ्या टोकाला, उशिरा आणि भलत्याच माणसाला कसे भोवते, हे दिसणे. नुसत्या बाणांनी ते दिसत नाही.

हे लहान मुलांना झेपणार नाही, असे आपल्या समितीत कुणी तरी म्हणालेच असेल. त्यांनी एकदा आमच्या बाजार समितीच्या आवारात यावे. आवक वाढली की भाव पडतो, हे वऱ्हाडातल्या दहा वर्षांच्या पोराला कळते. साठा, आवक, जावक हे तीन शब्द त्याच्या घरात रोज उच्चारले जातात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जे फॉरेस्टर यांनी कारखाने आणि शहरे समजून घेण्यासाठी जी पद्धत उभी केली, तिचा पाया हेच तीन शब्द आहेत. त्यांच्याच परंपरेतल्या डोनेला मेडोज आणि सहकाऱ्यांनी १९७२मध्ये पृथ्वीच्या मर्यादांवरचे पुस्तक लिहिले, ते जगभर गाजले. फॉरेस्टर यांचे गुरू गॉर्डन ब्राऊन निवृत्तीनंतर ॲरिझोनातल्या टक्सनला राहायला गेले आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एका शाळेत ही पद्धत घेऊन गेले. टक्सन वाळवंटातले शहर आहे, पाण्याची टंचाई त्यांनाही आहे. तिथल्या मुलांना जे जमले ते आमच्या मुलांना जमणार नाही असे मानायचे कारण मला तरी दिसत नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. गांधीजींनी नई तालीम तिथेच मांडली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम केला. हातातल्या कामातून सगळे विषय शिकवायचे. कापसापासून सूत, सुतापासून कापड, आणि त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास. समवाय पद्धती म्हणत तिला. सेवाग्रामला २००५पासून आनंद निकेतन शाळा त्या वाटेने पुन्हा चालते आहे. हे सगळे आमच्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर. आपले अधिकारी अभ्यासदौऱ्यासाठी कुठे कुठे जातात ते वर्तमानपत्रात वाचतो. वर्ध्याचा उल्लेख वाचल्याचे आठवत नाही.

त्यानंतर किती आश्वासने झाली ते आपण जाणताच. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षण सक्तीचे करायला सांगितले आणि १८ डिसेंबर २००३ रोजी पुन्हा बजावले. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या आयुष्याशी जोडायचे ठरवले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच नव्या शब्दांत सांगितले. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्याने 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले, भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पंचमहाभूते घेऊन. पुढे युनिसेफच्या मदतीने पहिली ते आठवीसाठी अभ्यासक्रमही तयार झाला. कागद चांगला होता, खरेच चांगला होता. तो आमच्या परिसरातल्या किती वर्गांत उघडला गेला? नववी-दहावीला 'जलसुरक्षा' विषय आणलात आणि त्याला नुसती श्रेणी ठेवलीत, टक्केवारीत तो मोजला जात नाही. जो विषय मोजला जात नाही त्याचा तास कुठल्या विषयाला जातो, हे मी आपल्याला सांगायला हवे का?

आपल्याला हे जमत नाही, असेही नाही. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारतीने जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे काढले होते. अमरावतीच्या मुलाला अमरावतीचा नकाशा, अमरावतीच्या नद्या. म्हणजे मुंबई आणि मेळघाट एकाच चित्रात बसत नाहीत हे आपल्याच मंडळाला कळले होते. मग ते तिसरीपुरतेच का? मूल चौथीत गेले की त्याचा जिल्हा संपतो का? नेमक्या ज्या वयात ते कारण आणि परिणाम जोडू लागते, त्याच वयात त्याच्या हातातून त्याचे गाव काढून घेतले जाते.

आणि ती कोरी पाने. मार्च २०२३मध्ये शासनाने ठरवले की दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची पाने जोडायची. दप्तराचे ओझे कमी होईल, असे कारण दिले गेले. मला मात्र त्यात वेगळी संधी दिसली होती. धड्याशेजारी कोरे पान म्हणजे मुलाने स्वतः बघितलेले लिहायची जागा. आज पाऊस किती पडला, हापशाला पाणी किती हापसल्यावर आले, सापळ्यात पतंग किती. पुस्तकाने सांगितलेले डावीकडे, आपल्या गावाने सांगितलेले उजवीकडे. पण त्या पानांचे काय करायचे हे ना शिक्षकांना नीट सांगितले गेले ना पालकांना. पुस्तके जाड झाली, मुले वह्याही आणत राहिली आणि जानेवारी २०२५मध्ये निर्णय मागे घेतला गेला. मागे घेतल्याचे दुःख नाही. दोन वर्षे राज्यभरातल्या लेकरांच्या हाती कोरा कागद दिला आणि त्यावर काय लिहायचे हे आपल्याला सुचले नाही, याचे आहे.

शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. मतदार यादी त्यांनी करायची, सर्वेक्षण त्यांनी करायचे, तांदळाचा हिशोब त्यांनी ठेवायचा, मुलांची माहिती ऑनलाइन त्यांनीच भरायची आणि मग दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग शिकवायचे. अशा माणसाने मुलांना घेऊन नाल्यावर जावे ही अपेक्षा कुणी करायची? नाल्यावर नेले आणि एखादे मूल घसरले, तर आपले खाते त्याच्या पाठीशी उभे राहील असे लेखी कुठे आहे? त्यात सप्टेंबर २०२३पासून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे बोलणे सुरू झाले. वीसपेक्षा कमी मुले म्हणून शाळा पाच-सहा कोस दूर गेली, तर परिसर अभ्यास कुठल्या परिसराचा करायचा? बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या?

एक गोष्ट मात्र आपल्या योजनेतच चांगली आहे आणि ती नोंदवलीच पाहिजे. पोषण आहारासोबत शाळेत परसबाग करायची. हात धुतलेले पाणी वाफ्याला, उष्टे-खरकटे आणि पालापाचोळा खड्ड्यात, त्याचे खत पालक-मेथीला आणि भाजी पुन्हा ताटात. अख्खे चक्र शाळेच्या आवारात, मुलांच्या हातून. खरकट्याचे खत व्हायला किती आठवडे लागतात हे मुलाने स्वतः वाट बघून शिकावे, यापेक्षा मोठा धडा नाही. निसर्गातली बहुतेक उत्तरे उशिरा येतात. पण परसबाग आपल्याकडे स्पर्धेसाठी होते. तपासणीच्या आधी रोपे येतात, फोटो निघतो, गुण मिळतात आणि उन्हाळ्यात सगळे वाळते. एप्रिल-मेमध्ये वाफ्याला पाणी कुणी घालायचे, याची तरतूद योजनेत आहे का?

आमच्या गावात आता नवे काही येते आहे. पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क. २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याहून त्याची पायाभरणी केली. हजारेक एकर जमीन, शेतापासून धाग्यापर्यंत, धाग्यापासून कारखान्यापर्यंत, मग फॅशन आणि मग परदेश, अशी पाच टप्प्यांची घोषणा. आम्हाला आनंद आहे. कापूस आमचा, तर कापडही इथे व्हावे ही मागणी आमच्या आजोबांपासूनची आहे. पण ती घोषणा सरळ रेषेत जाते आणि परदेशात संपते. रंगवलेले पाणी कुठे जाणार, सरकीची ढेप कुणाच्या गोठ्यात येणार, फाटके कापड कुठे जाणार, धरणातले पाणी शहर, वीज केंद्र, वस्त्रोद्योग आणि कालवा यांत कसे वाटले जाणार, हे त्या रेषेत नाही. ज्या मुलांना पुस्तकात माणूस नसलेले वर्तुळ दाखवले आणि फलकावर परत न येणारी रेषा दाखवली, त्यांनी मोठेपणी ग्रामसभेत उभे राहून नेमका कोणता प्रश्न विचारावा अशी आपली अपेक्षा आहे? की विचारूच नये, अशी आहे?

म्हणून स्पष्ट मागतो. चौथी आणि पाचवीलाही जिल्ह्याचे परिसर अभ्यासाचे पुस्तक काढा आणि त्यात अप्पर वर्धा, पेढी, खारपाणपट्टा, बोंडअळी आणि आमची औद्योगिक वसाहत असू द्या. जलसंपदा खात्याने धरणातली आवक-जावक आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने हवा-पाण्याचे आकडे दर महिन्याला मराठीत, लिटरमध्ये आणि किलोत, परिसरातल्या शाळांना पाठवावेत. ते आपल्या अखत्यारीत नाही हे उत्तर देऊ नका, मंत्रिमंडळात आपण एकाच टेबलाभोवती बसता. मुलांना नाल्यावर, शेतात आणि शक्य असेल तिथे कारखान्याच्या आत नेणाऱ्या शिक्षकाला लेखी संरक्षण आणि आठवड्याचा अर्धा दिवस द्या. त्या अर्ध्या दिवसात त्याला कुठल्याही ऑनलाइन माहितीसाठी फोन येऊ नये. आणि 'माझी वसुंधरा'चा तो अभ्यासक्रम अमरावती जिल्ह्यातल्या किती शाळांत, किती तास शिकवला गेला, हा आकडा जाहीर करा. शून्य असेल तर शून्य लिहा.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पेरणीही त्याच सुमारास असते. आपले उत्तर त्याआधी मिळाले, तर शाळेच्या कुंपणाला कामगंध सापळा आम्ही पालक वर्गणी काढून लावू. मुलांना पतंग मोजायची परवानगी मात्र आपल्याच सहीची लागेल.

कळावे,

आपला,
एक शेतकरी आणि पालक
नांदगाव पेठ, ता. जि. अमरावती